डीपासून

एकोणचाळीस पानं. क्लॅरिनेटची आठ, कॉर्नेटची बारा,
युफोनियमचं एकच, कारण वाजवणारा एकच.
झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं पाडून
रात्रभर बसले होते मी, स्वतःवर खूश.
तालमीच्या प्रत्येक खुणेला चौकट,
चौकटीला दुहेरी रेघ, आत फिकट राखाडी,
अक्षर ठळक, किंचित तिरकं, अठराच्या मापाचं.
लग्नपत्रिका सजवतात तसं.
एरवी मी लग्नपत्रिकाच करते.
आई होती तेव्हा घड्या तीच घालायची,
नखाने, काठाला काठ जुळवून.

इंदोऱ्याचं समाजभवन. मे महिना.
टाकी कोरडी, कूलर नुसताच घरघरतोय,
गरम हवेत स्टँडवरची पानं उडतायत,
म्हणून प्रत्येकाला कपडे वाळवायचे दोन दोन चिमटे.
खोब्रागडे मास्तरांनी खुर्चीच्या पाठीवर काठी मारली.
“थांबा. डीपासून.”

अर्धा बँड डीपासून निघाला.
अर्धा बीपासून.
एकाच बोळात दोन वराती समोरासमोर याव्यात
आणि कुणीच मागे सरू नये,
तसं.
ढोलवाला राकेश खाली मान घालून हसत होता.

“काहून बे, अक्षरं वाचता येत नाई का?”
युफोनियमवाले झनकलाल बोरकर उठले,
कागद नाकाला टेकवला, चष्मा कपाळावर.
“मास्तर, अक्षर डब्यात कोंबलं जी.
झेरॉक्समंदी डबा काळा झाला,
आतमंदी डी बसला का बी बसला,
मले काई दिसून नाई राहिलं.”

मास्तर माझ्याकडे बघून काही बोलले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी फक्त आपली जुनी पत्र्याची पेटी उघडली,
एक पिवळं पान काढून माझ्या हातात दिलं.
लाल पेन्सिलीने एक अक्षर, पट्टीच्या वर.
भोवती काही नाही.
म्हणजे जागा होती, भरपूर.
एका ठिकाणी तर अक्षरही नव्हतं,
लिहिलं होतं: इथे सुखदेव चुकतो.

रात्री परत तेच शटर, तोच संगणक.
आधी एकेक चौकट पुसायला बसले,
एकोणचाळीस पानं गुणिले अकरा खुणा.
तिसऱ्या पानावर पाठीला रग लागली, मग कळलं
की नियम एकाच जागी लिहिता येतो,
आणि मी वेड्यासारखी प्रत्येक अक्षराला
वेगवेगळं कानात सांगत बसले होते.
तो नियम उघडला.
दुहेरी रेघ काढली. राखाडी काढली. तिरकेपणा काढला.
शेवटी चौकटीवर बोट जरा थांबलं,
तिच्यासाठी मी दोन तास घालवले होते.
काढली.
एकोणचाळीस पानं एका क्षणात निवांत झाली,
पाहुणे गेल्यावरची ओसरी जशी.

आयसुद्धा गाळला. दुरून तो एकासारखा दिसतो,
बारीक, उभा, फसवा. एचनंतर थेट जे.

गुरुवारी पानं वाटली.
राकेशला ढोलासाठी एक पान लागतं,
तेही तो वाचतो की नाही, शंकाच.
पण नेमकं त्यालाच दिसलं.
“एचनंतर जे? अन् आय कुठं गेली मंग?”
सगळे हसले. कॉर्नेटवाले तर थुंकी सांडेपर्यंत.
मीही हसले, जरा उशिरा.

“चला. डीपासून.”
सगळे डीपासून निघाले.
बोरकरांचं पान स्टँडवर, हातभर लांब,
चष्मा नाकावर, गाल फुगलेले.
पाच ठोके सरळ गेले,
सहाव्याला दुसरा कॉर्नेट घसरला,
उंच सूर होता, ओठ थकले असतील.
यावेळी दोष कागदाचा नव्हता.
मी चिमटे मोजत होते.

मास्तरांनी खुर्चीवर काठी मारली.
“थांबा,” म्हणाले.
“डीपासून.”